पेटंट कुणाचं, कशाचं आणि कुठवर?

गणपती जवळ आले की मनमाडमध्ये मंडळांचे टी-शर्ट छापून देणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. काम बघायला सोपं. संगणकावरचं चित्र उलटं करून खास कागदावर छापायचं, कागद पॉलिस्टरच्या टी-शर्टवर उपडा ठेवायचा आणि हीट प्रेस साधारण २०० अंशांवर पाऊणएक मिनिट दाबून धरायचा. कागदावरचा रंग वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ उष्णतेने सैल झालेल्या पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते आणि कापड थंड झालं की आतच अडकून बसते. म्हणून हे चित्र धुऊन निघत नाही, आणि म्हणूनच सुती बनियनवर ते धड उमटतही नाही.

ही कृती एकेकाळी पेटंटची होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी ती शोधली आणि पुढे तिच्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. पेटंटची मुदत कधीच संपली. आज मनमाडचा दुकानदार त्यासाठी कुणाला एक पैसा देत नाही आणि देण्याचं कारणही नाही. पण ‘पेटंट’ म्हटलं की हाच दुकानदार बिचकतो, आणि कृषी सेवा केंद्रात ‘पेटंटेड टॉनिक आहे’ असं ऐकलं की कांदा उत्पादक भुलतो. बिचकणं आणि भुलणं, दोन्ही गैरसमजातूनच येतं. असे काही गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज: पेटंट म्हणजे कंपनीचं गुपित.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याला कृती लपवायची आहे तो पेटंटच्या वाटेला जातच नाही. तो ती तिजोरीत ठेवतो आणि कामगारांकडून करारावर सह्या घेतो. पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे: कृती जगजाहीर कर, बदल्यात ठरावीक काळ इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क घे. भारतीय पेटंट कायद्याचं कलम १० सांगतं की शोधाचं पूर्ण वर्णन द्या आणि तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली पद्धतही सांगा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तापमान किती, कोणतं रसायन किती, किती वेळ ढवळायचं, हे सगळं त्यात असतं आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. प्रयोग आणि संशोधनासाठी दुसऱ्याची पेटंट असलेली कृती करून पाहायलाही आपल्या कायद्याची ना नाही. मनमाडच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. कारखान्यात प्रत्यक्ष काय चालतं हे पाठ्यपुस्तकापेक्षा पेटंटच्या कागदांत जास्त सापडतं.

गैरसमज: औषधावर पेटंट आहे म्हणजे ते दुसऱ्या कुणी कसंही बनवलं तरी गुन्हा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. पेटंट दोन तऱ्हेचं असतं: पदार्थाचं आणि प्रक्रियेचं. पदार्थाचं पेटंट असेल तर तो पदार्थ कोणत्याही मार्गाने बनवायला बंदी. प्रक्रियेचं असेल तर फक्त तो मार्ग बंद. मनमाडहून दौंडमार्गे जाणारे रूळ उद्या कुणी स्वतःच्या नावावर करून घेतले, तरी येवला-कोपरगाव-नगर रस्त्याने एसटी पुण्याला जाणारच. पुणं काही त्याच्या मालकीचं होत नाही. प्रक्रियेचं पेटंट हे असं असतं.

उदाहरण घ्यायचं तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी आयबुप्रोफेनची गोळी घ्या. हा रेणू स्टुअर्ट अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी इंग्लंडच्या बूट्स कंपनीत शोधला. पेटंटचा अर्ज १९६१चा. बूट्सची पद्धत सहा पायऱ्यांची होती. पहिल्याच पायरीला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लागायचं आणि ते परत मिळायचं नाही, त्याचा गाळ व्हायचा. सगळा हिशेब केला तर वापरलेल्या कच्च्या मालापैकी वजनाने जेमतेम ४० टक्के औषधात उतरायचा, बाकी टाकाऊ. मूळ पेटंट १९८०च्या दशकात संपलं आणि रेणू सर्वांना खुला झाला. तरीही गोष्ट तिथे संपली नाही. बीएचसी नावाच्या कंपनीने तोच पदार्थ तीन पायऱ्यांत करायची नवी पद्धत काढली. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी हायड्रोजन फ्लोराइड. माणसाला हाडापर्यंत भाजून काढणारं भयंकर रसायन, पण जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरता येणारं. मग निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडायचा आणि शेवटी पॅलेडियमच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड. कच्च्या मालाचा उपयोग ७७ टक्क्यांवर गेला. वाटेत तयार होणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड वेगळं काढून विकलं, तर तो आणखी वाढतो. टेक्सासमधल्या बिशप गावी १९९२ मध्ये कारखाना सुरू झाला आणि १९९७ साली या प्रक्रियेला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. म्हणजे गोळी तीच आणि तिच्यावरचा हक्कही संपलेला, पण ती बनवण्याची नवी वाट पुन्हा पेटंटची. आणि त्याच काळात जुन्या सहा पायऱ्यांनी गोळी बनवणाऱ्याला कुणीही अडवू शकत नव्हतं.

मात्र प्रक्रियेचं पेटंट लेचंपेचं असतं, असंही समजू नये. कलम ४८ प्रमाणे त्या प्रक्रियेतून थेट तयार झालेला माल इथे आणून विकण्यापासूनही मालक रोखू शकतो. शिवाय दुसऱ्याच्या कारखान्यात आत काय चालतं हे बाहेरच्याने सिद्ध करायचं कसं? म्हणून कलम १०४-अ आहे: माल हुबेहूब असेल आणि कायद्यातल्या अटी जुळत असतील, तर ‘माझी पद्धत वेगळी आहे’ हे दाखवण्याची जबाबदारी न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकतं.

गैरसमज: भारतीय कंपन्यांनी परदेशी औषधं चोरून धंदा वाढवला.

हे ऐकलं की राग येतो. १९७०चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ला लागू झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९चा अहवाल त्याच्या मुळाशी होता. त्या कायद्याने अन्न, औषधं आणि रासायनिक प्रक्रियेने बनणारे पदार्थ यांवर पदार्थाचं पेटंट द्यायचंच नाही, फक्त प्रक्रियेचं द्यायचं, असं ठरवलं. अन्न आणि औषधांच्या बाबतीत त्याचीही मुदत तोकडी: पेटंटवर मोहोर उमटल्यापासून पाच वर्षं किंवा पेटंटच्या तारखेपासून सात, यांतलं जे आधी संपेल ते. मग आपल्या रसायनशास्त्रज्ञांचं काम उघड होतं: त्याच रेणूकडे जाणारी दुसरी वाट शोधायची. याला चोरी म्हणायचं तर आधी जर्मनीला म्हणावं लागेल. जगाचा रंगउद्योग ज्या जर्मनीने उभा केला, तिच्या १८७७च्या कायद्यातही रासायनिक पदार्थांवर नव्हे, फक्त प्रक्रियेवर पेटंट मिळे आणि ती व्यवस्था १९६८ पर्यंत टिकली. आपण १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेलो आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांच्या रेणूंवरही पेटंट सुरू झालं.

त्यानंतरही दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ३(ड) म्हणतं की जुन्याच पदार्थाचं नवं रूप, गुण खरोखर वाढल्याशिवाय, शोध ठरत नाही. याच कलमावर नोव्हार्टिसचा रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्याच कलमात प्रक्रियेबद्दलही एक वाक्य आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: माहीत असलेली प्रक्रिया नुसती वापरली तर पेटंट नाही, तिच्यातून नवा पदार्थ निघाला पाहिजे किंवा तिच्यात निदान एक नवं अभिक्रियाकारक तरी वापरलेलं पाहिजे. आणि मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटच्या मालकाची संमती नसतानाही दुसऱ्याला माल बनवू देणारा परवाना, निघाला. बायर कंपनीचं सोराफेनिब हे कर्करोगावरचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडायचं. नॅटको या भारतीय कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली, बायरला सहा टक्के रॉयल्टी देऊन.

गैरसमज: अमेरिकेने आपल्या हळदीवर पेटंट घेतलं होतं, पैठणीचं पेटंट मात्र येवल्याने मिळवलं.

दोन्ही अर्धवट. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेलं पेटंट हळदीवर नव्हतं, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर होतं. आणि अर्जावरची दोन्ही नावं भारतीय वंशाच्या संशोधकांची होती. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना संस्थेने त्याला आव्हान दिलं. ही गोष्ट आधीपासून माहीत होती हे दाखवणारे ३२ संदर्भ पुढे केले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. आता आपल्या कायद्याच्या कलम ३(प)नेही पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही.

पैठणीला आहे ते भौगोलिक मानांकन. ते एका माणसाचं किंवा कंपनीचं नसतं, त्या प्रदेशातल्या उत्पादकांचं असतं, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायम ठेवता येतं. लासलगावच्या कांद्यालाही तेच आहे. पेटंट २० वर्षांनी संपतं. दरवर्षीचं शुल्क भरायचं राहिलं तर त्याच्या आधीच.

गैरसमज: पेटंट आहे म्हणजे माल चांगला, सरकारमान्य.

शेवाळाच्या अर्काचं पाहू. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने काढलेली, २००५ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली पद्धत अशी: तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलं जाणारं कॅप्पाफायकस हे लाल शेवाळ ताजं असतानाच दळायचं आणि रस वेगळा काढायचा. रस गाळून, टिकवून द्रवखत. उरलेल्या चोथ्यातून कॅरॅजिनन, म्हणजे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणा आणणारा पदार्थ. आधी शेवाळ उन्हात वाळवत आणि रस वायाच जाई. पेटंट त्या एकत्रित पद्धतीवर आहे, शेवाळावर नाही. निसर्गात सापडणाऱ्या सजीवावर पेटंट आपला कायदा देतच नाही.

आता ही पद्धत हुशारीची आहे, यात वाद नाही. पण एखाद्या बाटलीने तुमच्या कांद्याला किती फरक पडेल, हे पेटंट सांगत नाही. पेटंटचा परीक्षक पाहतो की कृती नवी आहे का, जाणकाराला सहज सुचण्यासारखी नाही ना, आणि उद्योगात वापरता येते का. उतारा तपासणं त्याचं काम नाही. अशी जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. शेतकऱ्याने त्या नोंदणीबद्दल विचारावं. औषधांचंही तसंच: विक्रीची परवानगी औषध नियंत्रक देतो, पेटंट कार्यालय नाही. आणि ‘पेटंटचा अर्ज केलाय’ याला ‘पेटंट मिळालंय’ म्हणून खपवणं कलम १२० नुसार दंडाला पात्र आहे.

गैरसमज: एकदा घेतलं की जगभर चालतं.

जागतिक पेटंट नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. आंतरराष्ट्रीय अर्ज असतो, पेटंट देशोदेशी वेगळं. अमेरिकेत पेटंट असलेली प्रक्रिया भारतात नोंदलेली नसेल तर इथे वापरायला मोकळी. फक्त माल तिकडे निर्यात करताना सांभाळावं.

गैरसमज: आधी धंद्यात चालवून बघू, मग पेटंटचं पाहू.

मालेगावच्या यंत्रमागांपासून येवल्याच्या हातमागांपर्यंत रंग पक्का बसवण्याच्या, पाणी वाचवण्याच्या युक्त्या कारागीर रोज काढतात आणि दुसऱ्या दिवशी गावभर करतात. कृती एकदा उघडपणे वापरली किंवा विकली की काही मोजके अपवाद सोडता ती नवी राहत नाही, मग ती तुमचीच का असेना. तारखेला किती महत्त्व असतं हे अलिझरिनने दाखवलं. मंजिष्ठेतला हा लाल रंग कारखान्यात बनवण्याच्या पद्धतीसाठी बीएएसएफच्या संशोधकांनी लंडनमध्ये २५ जून १८६९ला अर्ज केला आणि विल्यम पर्किन यांनी २६ जूनला. एका दिवसाचा फरक. शेवटी दोघांना बाजार वाटून घ्यावा लागला. मंजिष्ठा पिकवणारे शेतकरी मात्र दोन्हीकडून बुडाले.

अर्जासाठी आता पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून अँटॉप हिलला जायची गरज नाही, तो ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचं ४,०००. मोठ्या कंपनीला तेच ८,००० आणि २०,०००. मसुदा लिहून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी आणि खरा खर्च तिथेच होतो. सगळं पक्कं झालं नसेल तर आधी तात्पुरतं वर्णन देऊन तारीख धरून ठेवता येते. पूर्ण वर्णन १२ महिन्यांत द्यावं लागतं. आणि कुणी ‘आमची पेटंटेड पद्धत आहे’ म्हणून तुम्हाला धमकावलं किंवा बाटली विकायला आलं, तर एवढंच करा: पेटंटचा क्रमांक मागा, ते भारतातलं आहे का आणि शुल्क भरून जिवंत आहे का ते तपासा, आणि शेवटी दिलेले दावे वाचा. हक्क फक्त त्या दाव्यांपुरता असतो.