घाट आणि किनारा: मार्कहॅमपासून नऊशे किलोमीटरांत

मोटारहोम म्हटले की मार्कहॅममधल्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर आधी रॉकीज उभे राहतात. ते साहजिक आहे. ३ सप्टेंबर १९६२ रोजी पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या रॉजर्स खिंडीत ट्रान्स-कॅनडा महामार्गाचे उद्घाटन केले, आणि सगळा देश गाडीने पालथा घालण्याच्या स्वप्नाला रस्ता मिळाला. पण मार्कहॅमहून बॅन्फ एका बाजूने साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात आहे. भाड्याने मिळणारे मध्यम आकाराचे मोटारहोम शंभर किलोमीटरला वीस लिटरच्या वर पेट्रोल पिते. म्हणजे नुसते पोचायलाच सातशे लिटर. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मोटारहोम हे घर असते ते थांबल्यावर. धावत्या गाडीत सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचे. तेव्हा शेगडी पेटत नाही, कुणाला आडवे होता येत नाही. ज्या स्वयंपाकघराचे आणि पलंगाचे भाडे भरले, ती वापरायला इंजिन बंद व्हावे लागते. म्हणून अशी सहल मुक्कामाच्या तासांनी मोजावी, आणि दोन आठवड्यांच्या रजेत रॉकीज गाठणाऱ्याच्या वाट्याला हेच तास सर्वांत कमी येतात.

या मापाने जॉर्जियन उपसागराचा फेरा सरस ठरतो. मार्कहॅमहून कॉलिंगवुड, ओवेन साउंडवरून ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाला टोबरमोरी, फेरीबोटीने मॅनिटूलिन बेट, मग लिटल करंट आणि सडबरीवरून परत: सारे मिळून सुमारे नऊशे किलोमीटर. कॉलिंगवुडच्या पाठीशी ब्लू माउंटन आहे. तो नायगारा कड्याचा भाग. या कड्याला युनेस्कोने १९९० मध्ये जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. कळसूबाईच्या १,६४६ मीटरपुढे ब्लू माउंटन टेकडीच, हे मान्य. तरी सह्याद्री ओळखणाऱ्याला इथली ठेवण परकी वाटणार नाही. सह्याद्री पश्चिमेला कोकणात तुटून पडतो आणि पूर्वेला सावकाश उतरतो. हा कडा पूर्वेला उपसागराकडे तुटतो आणि पश्चिमेला ह्युरॉन सरोवराकडे अलगद कलतो. जणू आरशातला घाट. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर इथला दगड चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या गाळाचा. खालचे मऊ थर झिजतात, वरचा कठीण डोलोमाइट आधार सुटून कोसळतो, आणि कडा उभाच्या उभा राहतो. कड्याच्या पायथ्याशीच पाणी असल्याने घाट आणि किनारा एकाच दिवशी भेटतात, तेही फार चाके न फिरवता.

तळ्याला किनारा कसले म्हणता, असे कुणी विचारेल. खारे वारे नाहीत, भरती-ओहोटी नाही. पण किनारा ठरतो तो तिथल्या माणसांच्या जगण्यावरून. कॉलिंगवुडच्या गोदीत १८८३ पासून १९८६ पर्यंत जहाजे बांधली गेली. जवळच्या नॉटावासागा बेटावर आणि टोबरमोरीजवळच्या कोव्ह बेटावर १८५८ ची दगडी दीपगृहे आहेत. टोबरमोरीच्या पाण्यात वीसहून अधिक जहाजांचे सांगाडे बुडालेले आहेत. त्यांच्यासाठी आणि परिसरासाठी १९८७ मध्ये फॅदम फाइव्ह हे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. ‘सागरी’ हा शब्द सरकारनेच गोड्या पाण्याला लावला, आणि तो योग्यच आहे. मोटारहोम पोटात घेऊन मॅनिटूलिनला नेणारी ‘ची-चीमॉन’ ही बोटही कॉलिंगवुडचीच, १९७४ ची. ओजिब्वे भाषेत नावाचा अर्थ ‘मोठी होडी’. ज्या बेटावर ती उतरवते, तिथल्या विक्वेमकूंग समाजाने १८६२ च्या तहावर सही केली नाही आणि आपली जमीन आजवर दिलेली नाही. घाईच्या सहलीत हा इतिहास खिडकीबाहेरच राहतो.

खर्चाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. दोघांनीच जायचे असेल तर साधी गाडी आणि मोटेल स्वस्त पडते. तिथे मोटारहोमचा आग्रह धरू नये. तीन पिढ्या असल्या की हिशेब बदलतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या सुपर व्हिसावर २०२२ पासून आजी-आजोबांना सलग पाच वर्षे राहता येते. गुडघे धरलेल्या, मधुमेहाच्या वेळा पाळणाऱ्या, एकादशीला साबुदाण्याची खिचडी लागणाऱ्या माणसांना हाताशी स्वच्छतागृह आणि शेगडी असणे ही चैन नाही. त्यांच्याविना होणाऱ्या सहलीपेक्षा ही महाग सहल मला मोलाची वाटते. आणि नऊशे किलोमीटरला पेट्रोल दोनशे लिटरच्या आसपासच लागते.

मन मानेल तिथे थांबू, ही कल्पना मात्र सोडावी. ऑन्टारिओच्या प्रांतिक उद्यानांतल्या जागा पाच महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या चटकन भरतात. सांडपाण्याची टाकी नेमल्या जागीच रिकामी करायची. बोटीचे भाडे गाडीच्या लांबीवर ठरते आणि ती मे ते ऑक्टोबर एवढीच चालते. जवळच्या फेऱ्यात हे सगळे आधी जुळवता येते, कारण एक टप्पा चुकला तरी पुढचे दिवस कोलमडत नाहीत. लिटल करंटला तर थांबावेच लागते. १९१३ मध्ये रेल्वेसाठी बांधलेला तिथला फिरता पूल एकपदरी आहे, आणि उन्हाळ्यात दिवसा दर तासाला पंधरा मिनिटे बोटींसाठी बाजूला वळतो. रांगेत इंजिन बंद केलेल्या मोटारहोममध्ये तेवढ्या वेळात घरभर चहा होतो.