डासजन्य रोग आणि पर्यटनस्थळे : रेयुनियन बेटावरील चिकुनगुनिया साथीचा बोध

प्रस्तावना :
पर्यटन हा अनेक लहान प्रदेशांच्या उपजीविकेचा प्रमुख आधार आहे. उबदार हवा, भरपूर पाऊस व दाट वनश्री या ज्या गोष्टी पर्यटकांना आकर्षित करतात, त्याच डासांच्या उत्पत्तीलाही पोषक ठरतात. डासजन्य रोगामुळे पर्यटनाची हानी होते, ही बाजू सर्वपरिचित आहे. परंतु रोगाची झळ प्रथम आणि दीर्घकाळ सोसतो तो स्थानिक रहिवासी, आणि त्याचे आरोग्य सांभाळल्याशिवाय पर्यटनही सांभाळता येत नाही, ही दुसरी बाजू मात्र उपेक्षित राहते. हिंदी महासागरातील रेयुनियन या फ्रान्सच्या बेटावरील साथीच्या आधारे या दोन्ही बाजूंचा येथे विचार केला आहे.

साथीचा प्रवास :
२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरील लामू या बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुढे कोमोरो बेटांमार्गे २००५ च्या मार्चच्या सुमारास ती रेयुनियनला पोहोचली. तेथील हिवाळ्यात, म्हणजे साधारणतः जून ते ऑगस्ट या काळात, रुग्णसंख्या घटली. परंतु संसर्ग थांबला नाही. हा रोग त्या वेळी प्राणघातक मानला जात नसे. डिसेंबरमध्ये उष्ण व पावसाळी ऋतू सुरू होताच साथ भडकली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये एकाच आठवड्यात ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. अखेरीस सुमारे पावणेआठ लाख लोकसंख्येपैकी २ लाख ६६ हजार लोक, म्हणजे दर तिघांपैकी एक जण, बाधित झाला. दोनशेहून अधिक मृत्यूंच्या दाखल्यांवर या रोगाची नोंद झाली.

या उद्रेकामागे एक जैविक कारणही होते. विषाणूच्या बाह्य प्रथिनात झालेल्या एका उत्परिवर्तनामुळे एडिस अल्बोपिक्टस या डासामार्फत त्याचा प्रसार अधिक सुलभ झाला. हा डास दिवसा चावतो आणि कुंड्या, टायर, डबे यांत साचलेल्या थोड्याशा पाण्यातही वाढतो. म्हणूनच केवळ पर्यटकांच्या निवासस्थानी औषधफवारणी करून त्याचे नियंत्रण साधत नाही. त्यासाठी प्रत्येक घराच्या अंगणापर्यंत पोहोचावे लागते.

पर्यटन आणि रहिवासी :
साथीच्या बातम्या पसरताच पर्यटकांनी बेटाकडे पाठ फिरवली. २००५ च्या तुलनेत २००६ मध्ये पर्यटकांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. पर्यटकाला दुसरे स्थळ निवडता येते. हॉटेलातील कामगार, वाहनचालक किंवा लहान दुकानदार यांना तो पर्याय नसतो. चिकुनगुनिया या शब्दाचा मूळ माकोंडे भाषेतील अर्थच 'वाकवून टाकणारा' असा आहे. ज्वर काही दिवसांत उतरला, तरी सांधेदुखी अनेकांना महिनोन्‌महिने जखडून ठेवते. त्यामुळे श्रमावर पोट असलेल्यांची कामाची शक्ती आणि कामाची संधी या दोन्ही एकाच वेळी हिरावल्या गेल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या पंतप्रधानांनी बेटाला भेट देऊन आर्थिक साहाय्य जाहीर केले; डासनिर्मूलनासाठी सैनिकही कामाला लावण्यात आले. तथापि, हिवाळ्यातील उताराची संधी तोवर हातची गेली होती.

प्रवासाचे दुहेरी स्वरूप :
प्रवासी रोगाला केवळ घाबरत नाही, तो रोग वाहूनही नेतो. २००७ मध्ये केरळहून इटलीत गेलेल्या एका प्रवाशापासून रावेना परिसरात संसर्ग पसरला व दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. तेथेही एडिस अल्बोपिक्टस हाच वाहक होता.

पर्यटनाची वाढ स्वतःच डासांना आश्रय देते, हे गोव्याच्या अनुभवावरून दिसते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पणजी व किनारपट्टीत हिवतापाचा प्रादुर्भाव वाढला. बांधकामांवर साठवलेले पाणी, टाक्या आणि विहिरी यांत ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास वाढत होता. हिवतापाचा भार स्थलांतरित बांधकाम मजुरांवर मोठ्या प्रमाणावर पडला. त्यामुळे मजुरांची रक्ततपासणी व बांधकामस्थळांची पाहणी हे तेथील नियंत्रणकार्याचे महत्त्वाचे भाग ठरले.

निष्कर्ष :
रेयुनियनमध्ये ऑगस्ट २०२४ पासून चिकुनगुनियाने पुन्हा डोके वर काढले आणि २०२५ मध्ये ५० हजारांहून अधिक रुग्णांची निश्चिती झाली. २००६ नंतर जन्मलेल्या पिढीत या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. एकदा साथ ओसरली म्हणजे धोका टळला, असे मानता येत नाही. रुग्णसंख्या कमी असतानाच डासोत्पत्तीची ठिकाणे नष्ट करणे, रुग्णांची माहिती न दडवता प्रसिद्ध करणे आणि पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा काही वाटा स्थानिक आरोग्यसेवेवर खर्च करणे हे उपाय त्यादृष्टीने आवश्यक ठरतात. पर्यटनस्थळ निरोगी ठेवावयाचे असेल, तर प्रथम तेथील वस्ती निरोगी असली पाहिजे.