चार्जिंगचा धंदा : संधी दारात, पण हिशेब आधी

विजेवर चालणाऱ्या गाड्या हा आता केवळ मुंबई-पुण्याचा विषय राहिलेला नाही. भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या मध्ये, सुरत-नागपूर महामार्गावर वसलेल्या वरणगावच्या व्यापाऱ्यांनीही त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पेट्रोल पंप काढायचा तर कंपनीची डीलरशिप, जागा आणि मोठे भांडवल लागते. सामान्य दुकानदाराने त्या वाटेला जाऊ नये, अशीच रचना. चार्जिंगचे तसे नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे. त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात चार्जिंग केंद्रांसाठी विजेचा वेगळा दरगट झाला. शहरात ३ गुणिले ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस केंद्र असावे, असा सरकारी निकष ठरला. हायवेवरच्या हॉटेलवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता हिशेब. मोटारीसाठीचा जलद चार्जर म्हणजे थ्री फेज जोडणी, वाढीव लोड आणि लाखांतला खर्च. समजा, एका गाडीने २० युनिट घेतले आणि युनिटमागे ४ रुपये सुटले, तर हाती ८० रुपये येतात. दिवसाला पाच गाड्या आल्या तर ४००. यातून जागा, देखभाल आणि गुंतवलेली रक्कम कधी निघणार? म्हणून नुसत्या चार्जिंगवर दुकान मांडणारा फसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहते, तेवढ्यात कुटुंब जेवते, चहा पिते. ज्याचे हॉटेल आधीच चालते त्याला हा जोडधंदा आहे.

लहान माणसासाठी वाट दुसरी आहे. ई-रिक्षा आणि स्कूटरला जलद चार्जर नको. १५ अँपिअरचा मजबूत पॉइंट, मीटर आणि रात्रभर गाडी सुरक्षित ठेवण्याची जागा पुरे. स्कूटरची बॅटरी साधारण ३ युनिटची. चार-पाच तासांत भरते. लेड-अॅसिड बॅटरीच्या रिक्षेला आठ-दहा तास लागतात. भाड्याच्या खोलीत राहणारा रिक्षावाला तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडतो, त्याला अशी जागा हवीच आहे. मोकळा वाडा किंवा बंद पडलेले गोदाम असलेल्यांनी पाहावे. मात्र घरगुती मीटरवरून हा धंदा करू नये; महावितरणकडे चार्जिंगच्या दरगटात स्वतंत्र जोडणी मागावी. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत केंद्रांना वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग देण्याचे धोरण आहे. रात्रीचा भाव ठरवताना बिल समोर ठेवावे.

सर्वांत जास्त काळजी आम्हांला मेकॅनिक बांधवांची वाटते. या गाडीला ना कार्बोरेटर, ना प्लग, ना ऑइल बदलणे. उलट वायरमन आणि मोटर वाइंडिंगवाल्यांचे काम वाढेल. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोरांपैकी एकाला तरी आयटीआयत वीजतंत्री करा आणि वायरमनचा परवाना मिळवून द्या. परवानाधारकाच्या सहीशिवाय जोडणीचे काम पुढे सरकत नाही.

आणखी एक गोष्ट, खानदेशापुरती. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. चार्जर आणि बॅटरी दोन्ही तापतात. वर पत्र्याची शेड घातली तर तिच्या खाली हवा खेळती ठेवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाका, माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरते उरते. गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर प्रत्येक पॉइंटला वेगळा बसवा. त्यात पैसे वाचवू नयेत. ओल्या हाताने प्लग काढणारा गिऱ्हाईक रोज येणार आहे.