देवकुलातून देऊळ, गलदातून आल्दा

माळशिरसहून निघालेली माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते तेव्हा वारकऱ्यांचं मन पंढरपुरात पोचलेलं असतं. याच गावात रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. साधारण 1300 सालचे, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर जेमतेम दहा वर्षांचे. मराठी आपलीच, पण वाचताना दर दोन शब्दांनी अडखळायला होतं.

टॉल्किनच्या कथांतल्या एल्फ नावाच्या कल्पित लोकांच्या भाषेचा विचार करायला मला ही जागा योग्य वाटते.

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्या लहानपणी मावस भावंडांत एक भाषा चाले, तिच्यात 'चाळीस' म्हणजे गाढव आणि 'गाढव' म्हणजे चाळीस! आपल्याकडे 'च'च्या भाषेत पाण्याचं 'चणीपा' होतं, तशातलाच खेळ. पोरं मोठी झाली की हे खेळ सुटतात. टॉल्किनचा सुटला नाही. फिनिश भाषेच्या नादावर भाळून त्यांनी एल्फांसाठी क्वेन्या रचली, वेल्शच्या नादावर सिंदारिन. दोघींची आई एकच ठरवली आणि लेकी वेगळ्या कशा झाल्या याचे नियमही बसवले. झाडाला मूळ शब्द 'गलदा'. क्वेन्यात सुरुवातीचा 'ग' गळून 'आल्दा' झालं, सिंदारिनमध्ये तो टिकून 'गालाध'. 1954-55 साली त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी छापून आली, पण भाषा तिच्या कितीतरी आधीच्या. भाषेला राहायला घर हवं म्हणून कथा आली, असं ते स्वतःच सांगत.

आता वेळापुरात या. देवकुल, मग देउल, मग देऊळ. कर्णाचा कण्ण, कण्णाचा कान. ही झीज कोणी ठरवून केली नाही, शेकडो वर्षांच्या तोंडांनी केली. टॉल्किननं नेमकी हीच झीज एकट्यानं, टेबलाशी बसून घडवली. त्यांची करामत शब्द बनवण्यात नाही, ते जुने करण्यात आहे.

आपल्याकडे असं काही घडलं का? महानुभाव पंथाची सकळ लिपी चटकन आठवते. परंपरा तिचं जनकत्व चौदाव्या शतकातल्या रवळोबासांकडे देते. तिच्याशिवाय सुंदरी, वज्र, शून्य, अंक अशाही लिप्या होत्या. ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून अक्षरांची अदलाबदल केलेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा आत निघाली ती सरळ, सुंदर मराठी. कुलूप नवं, पण घर तेच. नंदीबैलवाल्यांची, दलालांची सांकेतिक बोलीही गरजेतून आली. एल्फांच्या भाषेला गरज नव्हती, नुसती हौस होती. मला तरी हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

मराठीत अद्भुत कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना एवढीच विनंती, की आपल्या यक्ष-गंधर्वांच्या तोंडी विचित्र जोडाक्षरं कोंबण्याआधी एकदा वेळापूरला उतरा आणि शिळेवरचा लेख मोठ्यानं वाचा.