काठी आणि ब्रश : जॅझ ड्रमवादनाच्या अध्ययनातील दोन हस्ततंत्रे

प्रास्ताविक

पाश्चात्त्य तालवाद्यांमध्ये ड्रमसंच हे तुलनेने अलीकडचे वाद्य होय. एकोणिसाव्या शतकातील लष्करी बँडमध्ये बेस ड्रम, स्नेअर ड्रम आणि झांजा ही वाद्ये निरनिराळे वादक उभ्याने अथवा चालत वाजवीत. पायाने चालणारे पेडल आल्यावर ती सर्व वाद्ये एका बसलेल्या वादकाभोवती मांडता येऊ लागली. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या पेडलमुळे ही सोय सर्वदूर पोहोचली. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जॅझ संगीत आकार घेत होते, तो काळही हाच. त्यामुळे हे वाद्य आणि हे संगीत एकमेकांच्या आधारानेच वाढले.

जॅझमध्ये हा संच प्रामुख्याने दोन साधनांनी वाजविला जातो. एक लाकडी काठी आणि दुसरा तारांचा, पंख्यासारखा उलगडणारा ब्रश. विद्यार्थी बहुधा काठीपासून आरंभ करतो आणि काही वर्षांनी ब्रश हाती घेतो. त्या वेळी कमावलेल्या तंत्राचा मोठा भाग एकाएकी निरुपयोगी ठरल्याचा अनुभव त्याला येतो. याची कारणे साधनांच्या घडणीत आहेत, तशीच ती अध्यापनपद्धतीतही आहेत. काठीचे तंत्र कागदावर उतरविता आले; ब्रशचे तंत्र मात्र आजही मुख्यतः पाहून आणि ऐकूनच शिकावे लागते. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन केले आहे.

काठी : उसळीचे तंत्र

ताणलेल्या कातड्यावर सोडलेली काठी चेंडूप्रमाणे उसळते. काठीच्या तंत्राचा सारा पाया या उसळीवर आहे. नवशिका वादक प्रत्येक आघातासाठी काठी खाली नेतो आणि स्वतःच्या बळाने पुन्हा वर उचलतो. परिणामी मनगट लवकर थकते आणि वेग एका मर्यादेपुढे जात नाही. कसलेला वादक काठी केवळ खाली सोडतो. वर आणण्याचे काम तो कातड्यावर सोपवितो. याकरिता अंगठा आणि तर्जनी, किंवा अंगठा आणि मधले बोट, यांच्या चिमटीत काठीचा टेकू धरावा लागतो. चिमूट घट्ट झाली की उसळी मरते. सैल झाली की काठी निसटते. उरलेली बोटे काठीच्या मागील भागाला हलका स्पर्श करीत प्रत्येक उसळी परतवितात. अतिद्रुत लयीत तर मनगट जवळजवळ स्थिर राहते आणि बोटेच काम करताना दिसतात.

या तंत्राला ग्रंथरूप लाभले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सॅनफोर्ड मोलर यांनी अमेरिकी यादवी युद्धातील वृद्ध ड्रमवादकांच्या हाताच्या हालचाली न्याहाळून चाबकासारख्या आघाताची पद्धत मांडली. त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहूच्या एका हेलकाव्यात एक जोरकस आणि त्यामागून एक-दोन हलके आघात काढणे, हे या पद्धतीचे मर्म होय. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक १९३५ मध्ये आले. त्याच्या आरंभीच्या पानांवर उजव्या आणि डाव्या हातांच्या आघातक्रमांखेरीज जवळपास काहीच नाही. उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. अशा क्रमांचे एकामागून एक पाठ. पुस्तक दिसावयास नीरस, तरी ते आजही ड्रमच्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. यामागील कारण साधे आहे. काठीचा आघात हा एक क्षण आहे. तो कोणत्या हाताने, केव्हा आणि किती जोराने करावयाचा, एवढे सांगितले की त्याविषयीचे बहुतेक सारे सांगून होते. अमेरिकी वादकसंघटनेने १९३३ पासून प्रमाण मानलेल्या २६ प्राथमिक रचना आणि पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने १९८४ मध्ये त्यांची वाढविलेली ४० ही संख्या, या दोन्ही याद्या याच गृहीतकावर उभ्या आहेत.

झांजेवरील ठेका

आरंभीच्या जॅझमध्ये लय धरण्याचे काम बेस ड्रम आणि स्नेअरकडे होते. १९३० च्या दशकात काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी ते पायाने उघडझाप होणाऱ्या जोड-झांजांवर, म्हणजे हाय-हॅटवर नेले. पुढे १९४० च्या आसपास केनी क्लार्क यांनी ते मोठ्या राइड झांजेवर आणून ठेवले. या स्थलांतराने ठेका हलका आणि सलग झाला. बेस ड्रम आणि डावा हात लय धरण्याच्या बंधनातून बरेचसे सुटले आणि एकल वादकाशी संवाद करण्यास मोकळे झाले. आधुनिक जॅझ ड्रमवादनाचा आरंभ येथून मानला जातो.

राइड झांजेवरील मूळ ठेका चार मात्रांचा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक आघात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर एकेक आघात व त्यामागून, पुढील मात्रेच्या किंचित आधी, आणखी एक लहान आघात. डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट मिटतो. उजवा पाय बेस ड्रमवर चारही मात्रा इतक्या हळू वाजवितो की त्या ऐकू येण्याऐवजी जाणवाव्यात. डावा हात मधल्या जागा भरतो. मोलर यांचे शिष्य जिम चॅपिन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक चार अवयवांच्या या स्वायत्ततेचे पद्धतशीर पाठ देते. समेवर भार देण्याची सवय जडलेल्या भारतीय विद्यार्थ्याला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे हे वजन अंगवळणी पाडण्यास वेळ लागतो, हेही येथे नमूद करावयास हवे.

या ठेक्यातील लहान आघात नेमका केव्हा यावा, हा प्रश्न मात्र पुस्तकांनी अर्धाच सोडविला आहे. मात्रेचे तीन समान भाग करून तिसऱ्या भागावर तो वाजवावा, म्हणजेच दीर्घ आणि ऱ्हस्व स्वरांचे प्रमाण २:१ ठेवावे, असे सर्वसाधारणपणे शिकविले जाते. स्वीडनमधील अंदेर्स फ्रिबर्ग आणि आंद्रेअस सुंडस्ट्रोम यांनी नामवंत ड्रमवादकांच्या ध्वनिमुद्रणांची मोजमापे घेऊन २००२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते यापेक्षा वेगळे चित्र दाखवितात. संथ लयीत हे प्रमाण सुमारे ३.५:१ पर्यंत जाते आणि लय वाढत गेली की घटत घटत १:१ वर येते. मध्यम ते द्रुत लयीत ऱ्हस्व स्वराची लांबी साधारण १०० मिलिसेकंदांवर स्थिर राहते. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची असते. तीतून १०० वजा जाता २०० उरतात आणि पुस्तकातले २:१ हे प्रमाण तेथे खरे ठरते. ३०० मात्रांच्या लयीत मात्रा २०० मिलिसेकंदांची होते आणि दोन्ही स्वर सारखेच होतात. म्हणजे लिहिलेला पाठ एका विशिष्ट लयीपुरता बरोबर असतो. अन्य लयींत विद्यार्थ्याला कानावरच विसंबावे लागते. काठीच्या बाबतीत लेखन अपुरे पडते ते इतकेच. ब्रशच्या बाबतीत ते मुळातच अपुरे आहे.

ब्रश : घर्षणाचे तंत्र

ब्रशची कुळकथा काहीशी गमतीची आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत माश्या मारण्याच्या एका साधनाचे पेटंट देण्यात आले. मुठीत मागे ओढून घेता येतील अशा तारांचे ते झाडणे होते. ड्रमवादकांच्या हाती पडल्यावर त्याचे रूप फारसे बदलले नाही.

काठीचा नाद आघाताच्या क्षणी सर्वाधिक असतो आणि लगेच विरू लागतो. ब्रश कातड्यावर घासला असता जोवर हात हलतो तोवर नाद टिकतो आणि त्याची तीव्रता हाताच्या गतीवर व दाबावर अवलंबून राहते. तालवाद्यातून सलग, लांबविता येणारा नाद काढण्याची ही क्षमता दुर्मीळ आहे. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यावयाचे तर डग्ग्यावर तळहाताचा दाब सरकवून काढलेल्या लांबत्या नादाचे देता येईल. मात्र तेथे स्वराची उंची बदलते. ब्रशच्या नादात ती नसते, असते ती केवळ सळसळ.

या घर्षणासाठी पृष्ठभाग खरबरीत असावा लागतो. वासराच्या कातड्याला तो गुण निसर्गतःच होता. १९५७ पासून रेमो कंपनीची प्लॅस्टिकची आवरणे रूढ होऊ लागल्यावर त्यावर पांढरा खरखरीत लेप देणे आवश्यक ठरले. लेप नसलेल्या पारदर्शक आवरणावर ब्रश जवळपास मुका होतो. ब्रश जमत नाही म्हणून हताश झालेल्या विद्यार्थ्याचा दोष हाताचा नसून आवरणाचा असण्याचा संभव म्हणूनच आधी तपासावा.

काठीचा टोला एका बिंदूवर पडतो. ब्रशचा भार अनेक तारांवर विभागला जातो आणि तारा स्वतः लवतात. त्यामुळे उसळी फार थोडी मिळते. ज्या उसळीच्या भरवशावर विद्यार्थ्याने सारा वेग कमावलेला असतो, तीच येथे नाहीशी होते. आघातानंतर ब्रश मनगटाने उचलावा लागतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. काठीच्या वादनात दोन आघातांमधला हात काय करतो, याला नादाच्या दृष्टीने महत्त्व नसते. ब्रशमध्ये त्या मधल्या प्रवासालाच नाद असतो. हात कोठून निघाला, कोणत्या वळणाने गेला, कोठे मंदावला, हे सर्व ऐकू येते.

मध्यम लयीतील एक रूढ रचना पाहू जाता हे स्पष्ट होते. डावा ब्रश कातड्यावर अर्धवर्तुळात डावीकडून उजवीकडे व परत असा मात्रेमागून मात्रा घासत राहतो. उजवा ब्रश त्याच कातड्यावर राइडचा ठेका टिपक्यांनी वाजवितो. डावा हात उजव्या अर्ध्यात आला की उजव्याने त्यावरून ओलांडून डाव्या अर्ध्यात जावयाचे आणि डावा परतताच आपल्या जागी यावयाचे. सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात दोन हातांनी एकमेकांना चुकवीत नांदावयाचे, असा हा प्रकार आहे. डाव्या हाताची जुनी लष्करी पकड, म्हणजे काठी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी धरण्याची पद्धत, जॅझ वादकांनी टिकवून धरली याचे एक कारण ब्रशमध्ये शोधता येईल. त्या पकडीत डावा ब्रश कातड्यावर सहज सपाट पडतो.

खरी कसोटी संथ गीतांत लागते. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत दोन मात्रांत पूर्ण एक सेकंदाचे अंतर असते. काठीने वाजविल्यास हे अंतर रिकामे राहते आणि तेवढ्यात लय डळमळू शकते. ब्रशचे वर्तुळ ते अंतर भरून काढते. परंतु ते वर्तुळ एकसारख्या गतीने फिरले तर केवळ पार्श्वभूमीचा गोंगाट ऐकू येतो. मात्रेकडे जाताना हात किंचित वेगावला आणि दबला, मात्रा ओलांडताना सैल झाला, तरच श्रोत्याला लय कळते. बिल इव्हान्स त्रयीच्या जून १९६१ मधील व्हिलेज व्हॅन्गार्ड येथील ध्वनिमुद्रणांत ‘माय फूलिश हार्ट’ या गीतातील पॉल मोशन यांचे ब्रशवादन या दृष्टीने पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखे आहे. वाजविले फार थोडे आहे. तरी गीत कोठेही थांबत नाही.

लेखन आणि अनुकरण

पाश्चात्त्य स्वरलेखन नादाचा आरंभ दाखविते. तबल्याचे बोल याहून एक पाऊल पुढे आहेत; ‘धा’ आणि ‘तिं’ म्हणताच आघाताबरोबर त्याचा पोतही सांगितला जातो. ड्रमसंचाला अशी सर्वमान्य बोलभाषा लाभली नाही. ऑस्कर पीटरसन त्रयीतील ड्रमवादक एड थिगपेन यांनी आपल्या ब्रशविषयक पुस्तकात वर्तुळे, बाण आणि त्यांवरील मात्रांचे अंक अशा आकृत्यांचा आधार घेतला. अन्य शिक्षकांनीही अशाच आकृत्या योजल्या. हाताचा मार्ग त्यांतून कळतो. दाब कळत नाही. त्यामुळे आकृती पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही अखेर गुरूच्या हाताकडे पाहावे लागते.

लेखन आणि श्रवण यांतील हे अंतर मुंबईच्या जॅझ इतिहासातही दिसते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने होते. समोर ठेवलेली कोणतीही पाने वाचून वाजविण्यात ते तरबेज असत. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला; नंतर टेडी वेदरफोर्ड आदी वादक येथे राहिले. पानावर न लिहिलेला डौल गोमंतकीय वादकांनी अशा सहवासातून उचलला. पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत तो त्यांच्याबरोबर गेला.

आजच्या विद्यार्थ्याला असा सहवास क्वचितच मिळतो. सदनिकेत राहणारा विद्यार्थी रबरी पॅडवर किंवा इलेक्ट्रॉनिक संचावर सराव करतो. ही दोन्ही साधने काठीसाठी योग्य आहेत. ब्रशच्या घर्षणाला मात्र गुळगुळीत रबर नाद देत नाही आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक पॅड केवळ आघात नोंदवितात. अशा सरावातून काठीची श्रेणी एकामागून एक ओलांडता येते, पण ब्रश कोराच राहतो. यावर जुना आणि जवळपास फुकटचा उपाय आहे तो पुठ्ठ्याचा. सपाट पुठ्ठा किंवा जुन्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन टेबलावर ठेवून वर्तुळांचा सराव होतो आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही.

या सरावात उजवा ब्रश काही काळ बाजूला ठेवणे हितावह ठरते. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत ३२ आवर्तने, म्हणजे दोन मिनिटांहून किंचित अधिक काळ, केवळ डाव्या हाताने वर्तुळ फिरवावे. मात्रादर्शक यंत्राचा आवाज वादकाच्या कानापुरताच ठेवावा आणि पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने सळसळ ऐकून दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी. टाळी चुकली, तर चूक बहुधा ऐकणाऱ्याची नसते.