हृदयाच्या ठोक्यात क्लोराइडचा वाटा

हृदयातल्या विजेचा विषय निघाला की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचीच नावे पुढे येतात. क्लोराइडकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. खरे तर त्याच्याइतके विलक्षण वागणे दुसऱ्या कुणाचे नाही.

विश्रांतीत हृदयाच्या स्नायुपेशीचा आतला विद्युत्विभव बाहेरच्या तुलनेत उणे ८० ते ९० मिलिव्होल्ट असतो. क्लोराइडच्या आत-बाहेर जाण्याचा तोल मात्र साधारण उणे ६५ ते उणे ४० मिलिव्होल्टदरम्यान साधतो. म्हणून पेशी शांत असताना क्लोराइडचे चॅनेल उघडले, तर हा ऋणभारित आयन बाहेर पडतो आणि पेशी थोडी उत्तेजित होते. तेच चॅनेल ठोका ऐन भरात, आतला विभव धन झालेला असताना उघडले, तर क्लोराइड आत शिरतो आणि उत्तेजना लवकर आटोपते. ठोक्याची लय बिघडण्याच्या अभ्यासात म्हणूनच या चॅनेलना सोडून चालत नाही.

१९८९ मध्ये गिनीपिगच्या हृदयपेशींत ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्याने जागा होणारा क्लोराइडचा प्रवाह आढळला. पुढे कळले, की तो सीएफटीआर या प्रथिनातून वाहतो. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात बिघडते ते हेच प्रथिन. त्याचे जनुकही त्याच वर्षी सापडले होते! पेशी पाण्याने फुगली की उघडणारे क्लोराइड चॅनेल मात्र सीएफटीआरहून वेगळे.