मामा तलावाचे पाणी आणि मासोळी

मूलच्या बाजारात "आज मासोळी एवढी महाग का?" असे गिऱ्हाइकाने विचारले, की ढिवर म्हणतो, "पानी बदललं ना बावा." गिऱ्हाइकाला ती सबब वाटते. मी ढिवराच्या घरचा, आणि घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. या उत्तरात शास्त्र किती आहे ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या भागात गावोगावी तलाव नाहीतर बोडी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे 'माजी मालगुजारी' तलाव 'मामा' तलाव झाले. (मामा खरा धानाचा; मासोळीला तो सावत्रच.)

पाण्यातली मुख्य गोष्ट म्हणजे प्राणवायू. पाणी तापले की तो कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती तो तयार करतात, रात्री मात्र त्याही वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ झाकलेले राहिले तर पहाटे रोहू-कटला पाण्यावर तोंड काढून आ वासतात. नवख्याला वाटते, आज गळाला खूप लागणार! पण गुदमरलेला मासा आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही.

मरळ, शिंगी आणि मागूर यांची गोष्ट वेगळी. ते वरची हवाही घेतात, म्हणून मे महिन्यातल्या चिखलपाण्यातही तग धरतात. मरळ काठच्या गवतात अंडी घालतो आणि लालसर पिलांच्या थव्यावर पहारा देतो. रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून त्यांचे बीज आणून सोडावे लागते. पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करून घेण्याची युक्ती डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात साधली.

थंडीत मासा मंदावतो, कमी खातो, खोल पाण्यात बसतो. तेव्हा ऊन चढल्यावर काठाशी गळ टाकावा. उन्हाळ्यात उलट, दिवस मावळताना.

सर्वांत मोठा बदल मात्र तुडूम उघडल्यावर होतो. हस्ताचा पाऊस चुकला की धानासाठी पाणी सोडतात. ते सोडलेच पाहिजे, धान आम्हीही खातो. पाणी उतरते तशी मासोळी खोलगट जागी गोळा होते. चार दिवस जाळे उचलवत नाही, बाजारात भाव पडतो, आणि मग मृगापर्यंत हात रिकामे. त्या खोलगट डोहात उरलेले मरळ-शिंगीच पुढच्या पावसात तलाव पुन्हा भरतात.

आमच्या तलावाचा गाळ यंत्राने काढला तेव्हा बाबा तिथल्या साहेबांना म्हणाले, "मधात पुरुषभर खोल डोह राहू द्या." अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. तळ ताटासारखा सपाट झाला. पुढच्या वैशाखात तो सगळाच भेगाळला, आणि त्या पावसाळ्यात मरळाच्या पिलांचा एकही लाल थवा काठाला दिसला नाही. रोहूचे बीज तेवढे उसने पैसे काढून आणून सोडले.